लाकडी टेबलावर दारूचे डाग: पांढरी वर्तुळं, एक चिकट चट्टा आणि एक काळा ठिपका

सावलीतलं झाड

मंडळी, मदत हवी आहे. आजोबांच्या वेळचं लाकडी टेबल आहे. लालसर तपकिरी, छान तकाकी असलेलं. घरच्या पार्टीनंतर त्यावर तीन प्रकारचे डाग दिसताहेत:

बर्फ घातलेले ग्लास ठेवले होते तिथे पांढरी वर्तुळं.

एक व्हिस्कीचा ग्लास लवंडला, कुणीतरी घाईघाईने कागदी रुमालाने खसाखसा पुसलं. तिथे तळहाताएवढा चट्टा खरखरीत आणि किंचित चिकट झालाय. रुमालाचे तंतू आत अडकलेत.

कडेला एक काळा ठिपका. हा बहुतेक आधीपासून असावा, पण आता सगळं टेबल बारकाईने बघायला लागल्यावर तोही डोळ्यांत खुपतोय.

इंटरनेटवर शोधलं तर टूथपेस्ट, मेयोनीज, व्हॅसलीन, मीठ आणि तेल, राख, गरम इस्त्री असे अनेक उपाय दिसले, आणि प्रत्येक जण आपलाच उपाय रामबाण म्हणतोय. टेबल बाबांचा जीव की प्राण आहे, त्यामुळे त्याची प्रयोगशाळा करायची नाहीये. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.

उडाणटप्पू

टूथपेस्ट. साधी पांढरी, जेलवाली नको. बोटाने गोल गोल चोळा, ओल्या फडक्याने पुसा, विषय संपला. आमच्याकडे गेले होते डाग.

बाकी, माणसांच्या आधी टेबलालाच चढली म्हणायची.

रंधा

झाडा, टूथपेस्टला आज तरी हात लावू नका. आणि त्या चिकट चट्ट्याला तर कशानेच हात लावू नका. तंतू नखाने ओढू नका, ओलं फडकं फिरवू नका. वाळू दे.

आता जरा सविस्तर. डाग कशाने निघेल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, टेबलावर पॉलिश कोणतं आहे? दारू लाकडाला फारसं काही करत नाही, ती वरच्या थराला करते, आणि प्रत्येक थराला वेगळं करते. तुम्हाला सापडलेले सगळे उपाय कुठल्या ना कुठल्या पॉलिशवर खरेच आहेत. म्हणून तर प्रत्येक जण शपथेवर सांगतो.

जुन्या सामानावर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं, म्हणजे आपलं स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश. यात लाखेचं द्रावकच अल्कोहोल आहे. ज्या द्रवात विरघळवून ती लावली, तोच द्रव वर सांडला की ती परत विरघळते. वाळून कितीही वर्षं झाली असली तरी. तुमचा चट्टा म्हणजे डाग नव्हे, विरघळलेलं पॉलिश रुमालाने ओढून नेलंय आणि उरलेलं खडबडीत होऊन वाळलंय.

१९२० च्या दशकापासून फर्निचरच्या कारखान्यांत नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. ते दारूने सहसा विरघळत नाही, पण दारू बराच वेळ साचून राहिली तर मऊ पडतं, फुगतं. पॉलियुरेथेनचं (म्हणजे पीयूचं) रसायन १९३७ चं, ऑटो बायर यांचं. लाकडावरच्या थरांत ते त्यानंतर बऱ्याच काळाने रुळलं. दोन डबे एकत्र करून लावायचं पीयू पूर्ण पिकलं असेल तर व्हिस्की त्याचं काही वाकडं करू शकत नाही. मेलामाइनही बऱ्यापैकी टिकतं.

तेव्हा आधी चाचणी. टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा पायाच्या आतल्या अंगाला, जिथे पॉलिश आहे पण कुणाला दिसत नाही अशी जागा शोधा. कापसाच्या काडीवर डीनेचर्ड स्पिरिटचा थेंब घ्या, तिथे टेकवा, अर्धा मिनिट थांबा, मग हलकेच दाबून बघा. काडी चिकटली आणि तिला तपकिरी रंग लागला तर लाख. काहीच झालं नाही तर शेजारी नवी जागा घेऊन लॅकर थिनरचा थेंब. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर पीयू, मेलामाइन किंवा तत्सम पक्का थर. पुन्हा सांगतो, वरच्या पृष्ठभागावर चाचणी नको. आणि खोलीत देवघराचा दिवा, शेगडी, सिगारेट काही पेटतं नको. स्पिरिटची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते.

चौकस चिमणी

रंधाकाका, स्पिरिटऐवजी सॅनिटायझर चालेल का? घरात बाटल्या पडून आहेत.

रंधा

चिमणीताई, चाचणीसाठी नको. त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं, जेल असेल तर घट्ट करणारा पदार्थ असतो. उत्तर गोंधळाचं येतं आणि वर चिकट राड उरते. पॉलिश खराब करायला मात्र ते पुरेसं आहे :)

चौकस चिमणी

मग पांढरी वर्तुळं कशामुळे? दारूला तर रंग नाही, आणि लाख पण पांढरी नाही.

भिंगवाला

याचं उत्तर मी देतो, आवडीचा विषय आहे. व्हिस्कीत अल्कोहोल साधारण ४० टक्के, उरलेलं जवळजवळ सगळं पाणीच. वाइनमध्ये अल्कोहोल १२-१३ टक्के, बिअरमध्ये ५ च्या आसपास. म्हणजे 'दारूचा डाग' म्हणतो त्यातही बहुतांशी पाणीच असतं. त्यात बर्फाच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो, तो निव्वळ पाण्याचा. वर्तुळ ग्लासाच्या बुडाच्या मापाचं असेल तर गुन्हेगार बहुधा तो घाम, दारू नव्हे.

हे पाणी पॉलिशच्या थरात शिरतं आणि तिथे अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात. पारदर्शक थरातून सरळ जाणारा प्रकाश त्या पोकळ्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. साबणाचं पाणी पारदर्शक, हवा पारदर्शक, आणि दोन्हींचा फेस पांढराशुभ्र, तसंच. आत पांढरा रंग कुठेच नाही, म्हणून 'काढून टाकायला' असं काही नाहीच. त्या पोकळ्या बुजवायच्या किंवा तेवढा वरचा पापुद्रा घासून काढायचा, एवढंच हातात आहे.

गंमत म्हणजे तेल, मेण, व्हॅसलीन, मेयोनीज हे सगळे एकाच तत्त्वावर चालतात. तेल पोकळीत शिरलं की प्रकाश विखुरायचं थांबतो आणि पांढरेपणा दिसेनासा होतो. मेयोनीज म्हणजे मुख्यतः तेलच की. टूथपेस्ट आणि राख हे दुसऱ्या गटातले. ते बारीक कणांनी वरचा थर झिजवतात. तेल अधिक राख म्हणजे दोन्ही उपाय एकदम, म्हणूनच जुन्या लोकांत ते प्रिय होतं. आणि इस्त्री ओल हाकलते, जमलंच तर लाख किंचित मऊ करून पोकळ्या मिटवते.

जुनं ते सोनं

इस्त्रीला नावं ठेवू नका हो. आमच्या आई वर सुती कापड घालून इस्त्री फिरवायच्या आणि वर्तुळ गायब व्हायचं. डोळ्यांनी पाहिलंय.

रंधा

सोनंताई, नावं ठेवत नाही. त्यांच्या हाताला अंदाज होता. पण लाख ७५-८० अंश सेल्सिअसला वितळायला लागते, त्याआधीच मऊ पडते. इस्त्री सुती खुणेवर २०० च्या आसपास जाते. एक फोन आला, तुम्ही दोन मिनिटं वळलात, की कापडाची वीण टेबलावर कायमची छापली. व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर खालचा डिंक सुटून फुगा येतो तो वेगळाच. उष्णता द्यायचीच असेल तर केस वाळवायचा ड्रायर, मंद, वीतभर वरून, सतत हलवत, आणि मधून मधून हात लावून बघत. हाताला चटका लागला तर लाखेलाही लागतोय असं समजा.

सावलीतलं झाड

सगळ्यांचे खूप आभार. खालच्या फळीला चाचणी केली. काडी चक्क चिकटली आणि तपकिरी झाली. म्हणजे लाख!

आता पुढे? चट्टा अजून किंचित मऊ लागतोय.

उडाणटप्पू

आता तरी टूथपेस्ट?

रंधा

उडाणटप्पू, तुमच्यासाठी खास: वर्तुळं बाकी कशानेच गेली नाहीत तर शेवटी टूथपेस्टच्या जागी त्याहून बरी चीज सांगतो. टूथपेस्टमधले कण किती जाड ते कंपनीगणिक बदलतं, पाणी असतंच, आणि लाखेवर चमक मारून मंद ठिपका उरतो. मग लोक तो ठिपका घालवायला आणखी चोळतात.

झाडा, क्रम असा ठेवा. सौम्य उपाय आधी, आणि एकदा जमलं की पुढे जायचं नाही.

वर्तुळं. सगळ्यात आधी दोनतीन दिवस काहीच करू नका. उघडी, कोरडी हवा लागू द्या. बऱ्याच वेळा निम्मं पांढरेपण आपोआप ओसरतं. मग ड्रायर. मग व्हॅसलीन किंवा लिक्विड पॅराफिन (रंगहीन खनिज तेल) रात्रभर लावून सकाळी पुसणं. इतक्याने सहसा ताजी वर्तुळं जातात. राहिलीच तर अगदी बारीक, ०००० नंबरची स्टील वूल लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने, वजन न देता फिरवायची. गोल नाही, रेषेतच. चारदोन हात मारले की पुसून बघायचं. इथे पाणी अजिबात नको, कारण लोखंडाचा भुगा आणि ओल एकत्र आली की नवीन काळे डाग. तुमच्या तिसऱ्या ठिपक्याचं रहस्यही तेच असावं, त्यावर येतोच.

याहून पुढचा उपाय म्हणजे खुद्द स्पिरिट. ऐकायला उलटं वाटेल, पण ज्याने बिघडलं त्यानेच दुरुस्त होतं. धागे न सुटणारं सुती कापड गोळा करून त्याला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतपत ओलं करायचं. गालाला लावलं तर गार वाटलं पाहिजे, ओलं नाही. मग वर्तुळावरून एका झटक्यात हात न्यायचा, जसा हात टेबलावर उतरला तसाच पुढे उचलला गेला पाहिजे. थांबला की चिकटला. एक हात, मग पाच मिनिटं विश्रांती. वरचा थर क्षणभर मऊ होतो आणि पोकळ्या मिटतात. आधी टेबलाच्या खाली सराव करा. आणि त्याआधी लावलेलं व्हॅसलीन, पॅराफिन नीट पुसून टर्पेंटाइनच्या फडक्याने साफ केलेलं हवं.

चट्टा. हे खरं काम. चिकटपणा पूर्ण गेल्याशिवाय सुरू करू नका. आठवडा लागला तर लागू दे. नखाची खूण उमटत नाही इतकं कडक झालं की ६०० नंबरचा पॉलिश पेपर पॅराफिनमध्ये बुडवून, सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, फक्त खरखर जाईपर्यंत घासा. तंतू त्यातच निघतील. लाकडापर्यंत जायचं नाही. विशेषतः व्हिनियर असेल तर तो थर अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासच असू शकतो. एकदा आरपार गेलं की तो डाग कुठल्याच पॉलिशने झाकला जात नाही.

मग टर्पेंटाइनने तेल पुसून, वाळवून, पातळ लाख. साधारण १०० ग्रॅम पापुद्र्यांना ८०० मिलीलिटर स्पिरिट, रात्रभर झाकून ठेवायचं, मधून मधून हलवायचं, सकाळी तलम कापडातून गाळायचं. कापसाचा गोळा सुती कापडात बांधून त्याची गादी करायची, लाख आतल्या कापसाला पाजायची, बाहेरून नाही. एका बाजूने हात आत आणायचा, चट्ट्यावरून न्यायचा, दुसऱ्या बाजूने बाहेर. कडा सोडून थोडं पुढेपर्यंत. ओल्यावर परत हात नाही. इथेच सगळे गडबडतात, कारण पहिला हात ओढून झाल्यावर एक रेघ दिसते आणि ती 'नीट करायला' माणूस परत जातो. जाऊ नका. वाळू दे, पुढचा हात तिला गिळेल. नवी लाख जुनीला थोडं विरघळवून तिच्यात मिसळते, सांधा राहत नाही. पीयूमध्ये ही सोय नाही, तिथे नवा थर जुन्यावर नुसता बसतो.

दिवसाला तीनचार पातळ हात पुरेत. रंग फिका वाटला तर गडद जातीची लाख घ्या. शेवटी संपूर्ण वरच्या फळीवर एकदोन अगदी पातळ हात, म्हणजे तकाकी सगळीकडे सारखी येते.

पावसाळी दमट हवेत हे करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि ताजं पॉलिशच पांढरं पडतं. स्पिरिटमध्ये पाणी जास्त असलं तरी तेच.

नखरेल

बाई गं, केवढं लिहिलंत! वाचनखूण साठवली.

माझा प्रश्न छोटा आहे. ड्रेसिंग टेबलावर सेंटची बाटली गळत होती, तिथे खळगा पडल्यासारखं झालंय. शेजारी नेलपॉलिश रिमूव्हरचे थेंब पडले तिथे तर पॉलिश सुरकुतलंय. हेपण लाखच का?

भिंगवाला

सांगता येत नाही. सेंटमध्ये बहुतांश अल्कोहोल असतं, शिवाय सुगंधी तेलं, ती स्वतःच काही थरांना मऊ करतात. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट, त्यांनी लॅकर हमखास विरघळतं. सुरकुत्या बघता लॅकरचा संशय घट्ट होतो. रंधाकाकांची दोन थेंबांची चाचणी करा.

रंधा

हो. आणि लॅकर निघालं तर सुरकुतलेला भाग कडक होऊ द्या, बारीक घासा आणि त्यावर लॅकरचाच फवारा मारा. लाखेसारखी गादी फिरवायला जाऊ नका, हाताखाली खेचतं. एक महत्त्वाचं: याआधी चमकवायचा सिलिकॉनवाला स्प्रे वापरत असाल तर तो आधी खरवडून, पुसून काढायला हवा. नाहीतर नव्या थरावर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात आणि लोक डब्याला दोष देतात.

अर्धा कप

अवांतर नाही, जवळचंच आहे. रेड वाइन, आणि पॉलिश नसलेलं, फक्त तेल दिलेलं लाकूड. खायच्या सोड्याची पेस्ट लावली तर डाग जांभळ्याचा निळसर करडा झाला!

भिंगवाला

होणारच. रेड वाइनचा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. ती आम्लात लाल असतात, अल्कधर्मी सोडा लागला की निळ्याकडे झुकतात. शिवाय टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त असलेलं लाकूड सोड्याने स्वतःच काळवंडतं. आधी पातळ व्हिनेगरच्या फडक्याने सोड्याचा परिणाम उलटवा, पुसून वाळवा. मग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त डागावर टेकवा. लाकूडही थोडं उजळेल, म्हणून आधी लपलेल्या जागी बघा. नंतर पूर्ण वाळल्यावर परत तेल द्या.

रंधा

आणि तेलाच्या फडक्यांबद्दल. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, चोळामोळा झालेल्या फडक्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हे भीती घालायला लिहीत नाही, खरोखरच आगी लागतात.

सावलीतलं झाड

काळ्या ठिपक्याचं राहिलं, काका.

रंधा

हो, राहिलंच. पांढरं म्हणजे पॉलिशमध्ये, काळं म्हणजे लाकडात. पाणी थर ओलांडून खाली गेलंय आणि लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं झालंय. खिळा, पत्र्याची कुंडी, गंजका डबा, काहीतरी लोखंडी तिथे ओलं राहिलं असणार. वरून काहीही चोळलं तरी हे जाणार नाही.

जातं ते ऑक्झॅलिक ॲसिडने, पण त्यासाठी तिथलं पॉलिश पूर्ण काढून लाकूड उघडं करावं लागतं. गरम पाण्यातलं द्रावण ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, भरपूर पाण्याने पुसायचं, मग सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, परत पुसायचं. ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा, आणि नंतर घासताना मास्क, कारण वाळलेली पूड नाकाघशाला फार झोंबते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर अजून जपून.

माझं मत विचाराल तर ठिपका राहू द्या. एका बोटाएवढ्या ठिपक्यासाठी टेबलाचा सगळा जुना थर उघडायचा, हा सौदा मला पटत नाही.

जुनं ते सोनं

अगदी. टेबल वापरलेलं दिसलं तर बिघडलं काय?

उडाणटप्पू

मी मात्र ऑक्झॅलिक ॲसिडच्या बाजूने. काळा डाग मला झोप येऊ देत नाही. (टेबल माझं नाही, म्हणून सोपं आहे बोलणं.)

सावलीतलं झाड

धाग्याची प्रगती कळवते. वर्तुळांपैकी बहुतेक ड्रायर आणि रात्रभराच्या व्हॅसलीनने गेली. एक हट्टी होतं, त्याला स्पिरिटचा झटका दिला, सराव खालून करून. गेलं!

चट्ट्याला वेळ लागला. घासल्यावर तो भाग इतका मंद दिसायला लागला की धीर सुटत होता, पण लाखेचा पहिला हात फिरल्याबरोबर रंग परत आला. तिरप्या उजेडात बघितलं तर चट्टा अजून शेजारच्यापेक्षा एक छटा फिका आहे. समोरून कळत नाही. बाबांना कळला, पण त्यांना सगळंच कळतं.

ठिपका ठेवला.

आता एकच. लाखेचं द्रावण अर्धी बाटली उरलंय. पुढच्या वर्षी वापरता येईल का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून वरून पीयू मारून टाकू का?

रंधा

छान काम केलंत. फिकी छटा नको असेल तर गडद लाखेचे दोन हात फक्त तेवढ्या भागावर, मग परत सगळीकडे एक.

पीयू नको. लाखेत नैसर्गिक मेण असतं, ते काढलेलं नसेल तर पीयू त्यावर नीट धरत नाही, सोलून निघतं. आणि पुढची दुरुस्ती करायची वाटही बंद होते. त्यापेक्षा मेणाचा पातळ हात द्या आणि सांडलं तर पुसू नका, टिपा. वरून फडकं ठेवायचं, शोषू द्यायचं, उचलायचं. घासल्यानेच तुमचा चट्टा झाला होता.

द्रावणाचं: बाटलीवर तारीख लिहा. विरघळलेली लाख स्पिरिटबरोबर हळूहळू बदलत जाते आणि सहा महिने ते वर्षानंतर धड वाळत नाही. जुनी वापरायची वेळ आली तर आधी काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नख रुतलं तर बाटली टाकून द्या, टेबलावर लावू नका. कोरडे पापुद्रे मात्र गार, कोरड्या जागी बराच काळ टिकतात, म्हणून लागेल तेवढंच भिजवा.